पास्कूच्या हातावरचे ठिपके

मला बरं होऊन आता वर्ष उलटून गेलं. "बाई, तुम्हाला जीबीएस झाला होता ना?" असं विचारत अधूनमधून कोणाचा तरी फोन येतो. कधी कणकवलीहून, कधी वेंगुर्ल्याहून. त्यांच्या घरात कोणीतरी माझ्यासारखंच आडवं पडलेलं असतं. ते इंजेक्शनांचं विचारतात, मालिश कोणाकडे केलं ते विचारतात, चालायला कधी लागलात विचारतात. मी सातवी-आठवीला मराठी शिकवणारी बाई. औषधांतलं मला काय कळणार?

मला जे सांगावंसं वाटतं ते फोनवर सांगता येत नाही. नसा लुळ्या पाडणाऱ्या त्या आजारात माझे पाय गेले, हात गेले, मग श्वासही गेला. पण सगळ्यात जास्त त्रास दिला तो चालू राहिलेल्या डोळ्यांनी. जे दिसेल त्याचा मी अर्थ लावत होते, आणि लावलेला प्रत्येक अर्थ माझ्या नवऱ्याच्या विरुद्ध जात होता.

पडद्याखालून

जानेवारी संपत आला होता. पोट बिघडून बरं झालं होतं, तेवढंच. मग एका सकाळी शाळेच्या पायऱ्या चढताना उजव्या पायातली चप्पल मागे राहिली. मला कळलंच नाही. एका मुलीने ती उचलून आणून दिली. दुपारी डाव्या पायातली राहिली. दुसऱ्या दिवशी तोंड धुताना हातातला तांब्या सुटला आणि संध्याकाळी खुर्चीतून उठता येईना.

पास्कूने, माझ्या नवऱ्याने, मला उचलून गाडीत घातलं. पास्कू बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मालवणात धक्क्याच्या जवळ त्याचं छोटं वर्कशॉप आहे. कमी बोलतो, आणि हाताचा डिझेलचा वास कितीही साबण लावला तरी जात नाही. आम्हाला मूलबाळ नाही. आम्ही दोघं आणि आमचं कौलारू घर, एवढाच संसार.

कुडाळच्या डॉक्टरांनी हातोडीने माझ्या गुडघ्यावर मारलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारलं. तोही नाही. डॉक्टरांनी हातोडी खिशात ठेवली आणि माझ्याकडे न बघता पास्कूकडे बघितलं. "जरा बाहेर येता?"

हिरवा पडदा ओढला गेला. पडदा जमिनीपासून हातभर वर होता. मला डॉक्टरांचे बूट दिसत होते आणि पास्कूच्या चपला. बोलणं ऐकू येत नव्हतं. बूट जागच्या जागी होते. थोड्या वेळाने पास्कूच्या चपला एक पाऊल मागे सरकल्या.

तो आत आला तेव्हा हसत होता. "काय नाय गो. शिरांचो अशक्तपणा. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जावया, थयसर चांगली सोय आसा."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ताच, जा मी सांगतंय."

पास्कू कारण नसताना हसत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्याचं हसू माहीत आहे. त्या क्षणापासून मी त्याच्यावर पाळत ठेवायला लागले, असंच म्हणायला हवं.

छताखाली

गोव्याला पोचेपर्यंत मला धड गिळता येत नव्हतं. मग घशाला भोक पाडून नळी घातली आणि ती मशीनला जोडली. मशीन माझ्यासाठी श्वास घेऊ लागलं. हात, पाय, मान काही हलत नव्हतं. डोळे उघडता-मिटता येत होते आणि कान शाबूत होते.

अशा वेळी माणूस काय करतो? बघतो. माझ्या डोक्यावरच्या छतावर पाणी झिरपून पडलेला पिवळट डाग होता. एसीच्या जाळीला कापसाचा तंतू चिकटून फडफडत असायचा. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं. पावलांच्या आवाजावरून कोण आलं ते मी ओळखू लागले. एक सिस्टर टाचा घासत चालायची, एक वॉर्डबॉय कायम दोन पावलं पळायचा.

सगळे माझ्यासमोर बिनधास्त बोलायचे. हलत नाही म्हणजे ऐकतही नाही, असा त्यांचा समज असावा. एकदा टाचा घासणारी सिस्टर दुसरीला हळूच म्हणाली, "तिका सांगूं नाकात." कोकणी मला मालवणीइतकीच समजते. काय सांगायचं नव्हतं? मला की शेजारच्या खाटेवरच्या बाईला? ते कळायच्या आत दोघी पुढे गेल्या. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले.

माझी नणंद ज्योस्पिन म्हापशाहून यायची. कपाळावर क्रूस काढायची, केस विंचरायची. एकदा तिने माझ्या कपाळावरचा घाम पुसला तेव्हा तिच्या मनगटावर माझं घड्याळ होतं. माझ्या पप्पांनी नोकरी लागल्यावर घेऊन दिलेलं. मी जिवंत होते आणि माझं घड्याळ तिच्या हातावर होतं. मी डोळे मिटून घेतले. "झोपली," असं ती म्हणाली.

बांगड्याचं तिखलं

दिवस ढकलायला मी एक युक्ती काढली होती. डोळे मिटायचे आणि घरी जायचं. फाटकाची कडी काढायची, अबोलीला पाणी घालायचं, बाजारात जाऊन बांगडे आणायचे. मग तिखलं करायचं, अगदी सावकाश. मिरच्या भिजत घालायच्या, खोबरं किसायचं, वाटण गुळगुळीत होईपर्यंत वाटायचं. तिरफळं ठेचून शेवटी टाकायची. त्यांचा वास आला की माझ्या तोंडाला खरंच पाणी सुटायचं, आणि सिस्टर नळीने ते ओढून काढायची. तिला काय माहीत, मी कशाच्या वासाने सुखावलेय!

ज्यांना असं पडून राहावं लागतंय त्यांना मी सांगेन, हे जरूर करा. मनातल्या मनात घरी जा. पण माझं पुढे काय झालं तेही सांगते.

एके दिवशी मी अशीच घरी गेले तर स्वयंपाकघरात आधीच कोणीतरी होतं. पाठमोरी बाई. चुलीपाशी वाकलेली. मी तिला आणलेली नव्हती, ती आपली आपण आली. मी डोळे उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा गेले. ती तिथेच. त्यानंतर मला माझ्याच घरात शांतपणे मासे शिजवता येईनात.

ठिपके

ती बाई हवेतून आली नव्हती. तिला मीच जमवत होते, पास्कूकडे बघून बघून.

पास्कू रोज सकाळी भेटीच्या वेळेला पहिला आत यायचा. खाटेशी उभा राहून घरची खबर द्यायचा. हा माणूस, ज्याला वर्षानुवर्षं मी "काहीतरी बोल रे" म्हणत आले, तो धबधब्यासारखा बोलायचा. "काजूक मोहर इलो. अबोली फुलली हा. काल मार्शेलिन मावशीन पेज दिल्यान, सुक्या बांगड्यावांगडा खाल्लंय. घर बरा आसा. तू काळजी करू नको."

मार्शेलिन मावशी आमची शेजारीण. ती दर वर्षी जानेवारीअखेर मुलीकडे पुण्याला जाते आणि शिमग्याच्या आसपास परतते. पेज कोणी दिली होती?

मग मी नीट बघायला लागले. मालवणाहून इथे यायचं म्हणजे दोन-अडीच तासांचा प्रवास. घराच्या आवारात लाल माती. पास्कूच्या चपलांना मातीचा कण नसायचा. हाताला डिझेलचा वास नव्हता, म्हणजे वर्कशॉपमध्येही जात नव्हता. अंगाला कसल्यातरी वेगळ्याच साबणाचा वास यायचा. मध्येच फोन वाजला की तो नाव बघून बाहेर जायचा आणि आत येताना पुन्हा ते कुडाळातलं हसू घेऊन यायचा.

आणि त्याच्या हातावर ठिपके असायचे. कोपरापासून मनगटापर्यंत, कधी गालावरही. बारीक, गोल, ओळीने उमटलेले. कशावर तरी अंग टाकून झोपलं की उमटतात तसे. आमच्या घरच्या उशीला साधा अभ्रा आहे. हे ठिपके क्रोशाच्या विणकामाचे वाटत होते. जाळीजाळीचा, हाताने विणलेला अभ्रा. असा अभ्रा विणणारी बाई कोण? तिच्या घरी पास्कू कधीपासून जातोय?

बाकीचं मी पडल्या पडल्या रचलं. तिचं घर म्हापशाजवळ, ज्योस्पिनच्या ओळखीतलं. म्हणूनच ज्योस्पिनला घड्याळ मिळालं. तिला मुलं होऊ शकतील. मी गेले की चर्चमध्ये साधंसं लग्न. हे सगळं इतकं नीट जुळत होतं, की मला थोडं समाधानही वाटायचं. निदान मला कोणी फसवू शकलेलं नव्हतं.

नाही

याच सुमारास डॉक्टर एकदा पास्कूला म्हणाले, "आता थोडा थोडा वेळ मशीन काढून बघूया." पास्कूने लगेच मान हलवली. मला वाटलं, फारच लगेच.

मशीन काढणार. पास्कूची संमती आहे. मला संपवायचं ठरलं.

एका सिस्टरने मला डोळ्यांची खूण शिकवली होती. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. डॉक्टरांनी विचारलं, "प्रयत्न करायचा ना?" मी दोनदा मिटले. पुन्हा विचारलं, पुन्हा दोनदा. त्यांनी तरीही थोड्या वेळासाठी नळी सोडवली तेव्हा माझं काळीज असं काही धडधडलं, की मशीनवर सगळे आवाज एकदम सुरू झाले. घाईघाईने नळी जोडली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. डॉक्टर पास्कूला म्हणाले, "स्नायू तयार होताहेत, पण त्या घाबरताहेत. असंच चाललं तर छातीत जंतू शिरतील. मग अवघड होईल." हे मी ऐकलं आणि हीसुद्धा धमकी आहे असं धरून चालले.

व्यायाम द्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची, सावंतवाडीची. तिने पुठ्ठ्यावर क ते ज्ञ लिहून आणलं. एकेका अक्षरावर बोट ठेवायचं, हवं ते अक्षर आलं की मी डोळे मिटायचे. काना-मात्रा नाहीत, अनुस्वार नाही. पास्कू समोर उभा होता. "सांग गो," तो म्हणाला, "काय व्हया तुका? पाणी? फादरांका बोलवू?"

माझं पहिलं वाक्य तयार होतं. ख. य. झ. प. त. स.

पास्कू अक्षरं जुळवत राहिला. "खय... झपतस? झपतस म्हणजे काय?" मग त्याचा चेहरा बदलला. "खंय झोपतंस?" कुठे झोपतोस, हाच माझा प्रश्न होता.

मी एकदा डोळे मिटले.

"घराक," तो म्हणाला. "आनी खंय झोपतलंय?"

ख. ट. हे ‘खोटं’ वाचायला त्याला वेळ लागला नाही. तो पुठ्ठ्याकडे बघत उभा राहिला आणि मग बाहेर गेला. ती मुलगी माझे पाय वाकवत राहिली. मला वाटलं, पकडला.

बाहेरचा रस्ता

त्याच आठवड्यात मला स्कॅनला न्यायचं ठरलं. खाटेसकट, हाताने रबरी फुगा दाबत श्वास देत. आयसीयूचं दार उघडलं आणि इतक्या काळानंतर मला दुसरं छत दिसलं. मान जरा उशीवर कलती ठेवली होती, त्यामुळे कडेचंही दिसत होतं.

दाराबाहेर लांबलचक व्हरांडा. भिंतीला लागून स्टीलची बाकं, बस स्टँडवर असतात तसली, पत्र्याला ओळीने बारीक गोल भोकं पाडलेली. नातेवाईक बसलेले, कोणी आडवे. एका बाकाखाली आमची निळी पिशवी होती. खिडकीच्या गजाला पास्कूचा चौकड्यांचा शर्ट वाळत घातला होता. दोरीवर टॉवेल. खिडकीत लाल साबणाचा तुकडा, कागदावर. आणि बाकावर, हाताची उशी करून, तोंड भिंतीकडे करून पास्कू झोपला होता. दिवसाढवळ्या, इतक्या गर्दीत.

शेजारच्या माणसाने त्याला हलवलं. "ओ मालवणवाले, तुमची बाई बाहेर आणली." पास्कू धडपडत उठला. त्याच्या गालावर ते ठिपके होते, ओळीने, ताजे.

मला रडू आलं. रडताना आवाज निघत नव्हता, फक्त कानात पाणी जात होतं.

परत आणल्यावर तो माझ्यापाशी आला आणि यावेळी हसला नाही. "मी एकदाय घराक गेलंय नाय," तो म्हणाला. "पयल्या दिवसापासून हयसरच आसंय. सिस्टरीन सांगल्यान, तिका घरचा काय काय सांगत ऱ्हवा, बरा वाटात. माका काय सुचता? मग मी बसून इचार करी. आता घरात काय होयत, झाडांक काय होयत. ताच येवन तुका सांगी."

म्हणजे तोही बाहेरच्या बाकावर डोळे मिटून रोज घरी जात होता. आम्ही दोघं त्याच घरात, एकमेकांना न भेटता, वावरत होतो.

मी डोळ्यांनीच पुठ्ठा मागितला. फ. न.

"फोन?" त्याने मान खाली घातली. "तो वर्कशॉपातल्या धाकल्या मेस्त्रीचो. घर बंद बघून वानर घुसले. छपरावयले नळे फोडल्यानी, मागचा दार उघडल्यानी. स्वयंपाकघरात काय्येक ठेवूक नाय. पीठ, गूळ, तुझी ती तिरफळांची बरणी... तुका कसा सांगू?"

माझ्या स्वयंपाकघरात कोणीतरी होतं, एवढं खरं निघालं.

मग मी त्याला सांगितलं. अभ्रा, ती बाई, लग्न, सगळं. बिनकान्यामात्रांच्या अक्षरांत हे सांगायला सगळी दुपार गेली. त्याने सगळं वाचलं. रागावला नाही असं मी म्हणणार नाही. त्याचे कान लाल झाले. "मी हयसर पत्र्यार पाठ मोडून घेतलंय," तो म्हणाला, "आनी तू थंय माजा लगीन लावतंस?" मग पुठ्ठा परत पुढे करून, "बायल कशी व्हती? दिसाक बरी तरी व्हती?"

पाठमोरी होती, असं मी कळवलं.

श्वास

दुसऱ्या सकाळी डॉक्टर आले तेव्हा मी पास्कूकडे बघितलं. त्याने नेहमीसारखं "काय नाय गो" म्हटलं नाही. तो म्हणाला, "मशीन काढल्यार जमात काय नाय ता कोणाक म्हायत नाय. डॉक्टरांकय नाय. कदाचित आज जमाचा नाय. पण ते हयसर उभे ऱ्हवतले, मीय ऱ्हवतलंय. नाय जमला तर परत लावतले. ह्या खरा."

कुडाळहून निघाल्यापासून त्याचं एवढं एकच बोलणं मला धीर देऊन गेलं. मी एकदा डोळे मिटले.

त्या दिवशी जमलं नाही. बरगड्यांवर कोणी धोंडा ठेवावा तसं झालं आणि नळी परत लावावी लागली. त्यांनी खरंच परत लावली, हे मी बघून ठेवलं. पुढच्या दिवशी थोडं जास्त जमलं. असं करत करत एका दुपारी मशीन बाजूला नेऊन ठेवलं आणि मी आपला श्वास आपण घेत पडून राहिले. खोलीत इतकी शांतता झाली, की ट्रॉलीचं ते कुरकुरणारं चाक मला व्हरांड्याच्या टोकापासून ऐकू आलं.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं, मला वेड लागलं होतं का? ते म्हणाले, "आयसीयूत कितीतरी लोकांना असं वाटतं. कोणाला सिस्टर विष घालताहेत असं वाटतं, कोणाला घरचे विकून टाकताहेत. बरे झाल्यावर लाजेने बोलत नाहीत." हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर? म्हणून मी इथे लिहिते आहे.

घरी

घरी आल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. वॉकर धरून चार पावलं टाकायला शिकले, पेन धरायला शिकले, पण बघायची सवय सुटली नाही. गोळी दिली की मी पाकिटावरचं नाव वाचायची. दुधाचा वास घ्यायची. पास्कू परसात फोनवर बोलायला लागला की खिडकीशी जायची, वॉकर न वाजवता.

एकदा त्याने बघितलं. हातातलं फडकं खाली टाकलं. "अजून? माज्यार विश्वास नाय तर कोणार ठेवतलंस?"

"मला थांबवता येत नाही," मी म्हटलं. "तू रागाव. पण उत्तर दे. कोणाचा फोन होता?"

"डिझेलवाल्याचो."

"दाखव."

त्याने दाखवला. कित्येक दिवस आमचं असं चाललं. मी विचारायची, तो दाखवायचा, कधी चिडून, कधी हसून. गोड बोलून मला कोणी समजावलं असतं तर माझा संशय वाढलाच असता. हळूहळू विचारणं कमी झालं. पूर्ण गेलं नाही.

घड्याळाचं ज्योस्पिनला मी अजून विचारलेलं नाही. ते तिने नवा पट्टा घालून परत केलं. काहीतरी साधंच कारण असेल. नसेलही.

बांद्याची बाई

मागच्या महिन्यात बांद्याहून एका माणसाचा फोन आला. बायकोला तोच आजार, मशीनवर आहे, डोळ्यांपलीकडे काही हलत नाही. डॉक्टर प्रयत्न करायला सांगतात तर ती नाही म्हणते. येऊन तिच्याशी दोन शब्द बोलाल का?

पास्कू मला तिच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तो माणूस दाराशी उभा होता, दाढी वाढलेली, आणि मला बघून त्याने तोंडभर हसू आणलं. आत जाता जाता तो कुजबुजला, "तिका वायट काय सांगा नको हां."

मी खाटेशी खुर्ची ओढून बसले. माझ्या गळ्यावरचा नळीचा व्रण तिला दाखवला. मी कोण, कुठली, मला काय झालं होतं, ते सांगितलं. तिचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. आधी माझ्या तोंडाकडे, मग हातातल्या पर्सकडे, मग दाराशी उभ्या तिच्या नवऱ्याकडे आणि त्याच्या शेजारी उभ्या पास्कूकडे, मग परत माझ्याकडे. ती हिशेब लावत होती. ही बाई कोण? हिला कोणी बोलावलं? ह्यांचं आधी काय ठरलंय?

ती नजर मी आरशाबाहेर पहिल्यांदाच बघत होते.

मी धीराचं बोलायला आले होते. ते सगळं गिळलं. वाकून तिच्या कानाशी गेले.

"माजोय संशय येता मां तुका?"

तिने एकदा डोळे मिटले.

"येवंदे," मी म्हटलं. "माका तर माज्या घोवाचोच, ह्या पास्कूचोच, येय. तू इचार. काय व्हया ता इचार, मी हयसर बसलंय. आनी गे, तुझ्या घोवाक आत बोलवतंय. तेका सांगतंय, हसा नको म्हणान."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग डोळे मिटले. एकदाच.

मी मान वळवून तिच्या नवऱ्याला हाक मारली.